चपट्या टायरची गाडी

तात्यांनी काठीचं टोक टायरवर टेकवलं आणि या कडेपासून त्या कडेपर्यंत हळूच सरकवत नेलं. काठी कुठे उतरली नाही, कुठे घसरली नाही. पाटावरून जावी तशी सरळ गेली.

“दस्तगीर.”

“बोला की तात्या.”

“हे काय आहे?”

“टायर.”

“टायर मलाही दिसतोय. कसला?”

“नवा हाय. अजून रबराची केसं बी गेली न्हाईत बघा त्याची.”

“कसला, म्हणून विचारतोय मी.”

दस्तगीरचाचांनी माझ्याकडे पाहिलं. मी आईकडे पाहिलं. आई कारच्या उघड्या दारात बसून कारखान्याच्या चिमणीकडे बघत होती. मे महिना होता. गाळप केव्हाच संपलं होतं आणि चिमणीतून काहीच निघत नव्हतं, तरी ती बघत होती.

“कारचा,” मी म्हणाले.

तात्यांनी काठी उचलून घेतली. जणू टायरचं काहीतरी तिला लागलं असतं.

तात्या म्हणजे माझे वडील, हिंदुराव इंगवले. कोल्हापूरजवळच्या एका साखर कारखान्यात एकतीस वर्षं वर्कशॉप फोरमन. आम्ही उभे होतो ते त्याच कारखान्याच्या गाडीतळावर. हंगामात इथे उसाच्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टर रांगेने उभे असतात, पाय ठेवायला जागा नसते. मेमध्ये मात्र नुसता रिकामा, टणक, क्रिकेटची चार मैदानं बसतील एवढा पट्टा. एका कडेला बगॅसचा, म्हणजे उसाच्या भुश्श्याचा, दोन पुरुष उंच ढीग. त्या दिवशी सकाळी तात्यांना मी एवढंच सांगितलं होतं की त्यांची बुलेट दस्तगीरचाचांकडून सर्व्हिस होऊन आलीय, उद्या दहा वाजता बेळगावचा माणूस ती घ्यायला येणार, त्याआधी एकदा चाचा ती तुमच्यासमोर चालवून दाखवतील.

आणि समोर उभी होती तीच हिरवी बुलेट; पण डाव्या अंगाला तसल्याच हिरव्या रंगाचा पत्र्याचा डबा जोडलेली, डब्याला तिसरं चाक, आणि मागच्या चाकात रुंद रिमवर बसवलेला कारचा टायर.

“साइडकार,” तात्या म्हणाले. शिवी द्यावी तसे म्हणाले. “माझ्या गाडीला तुम्ही कुबडी लावली. आणि कुबडीला शोभेल असा टायर.”

त्यांचं हे बोलणं किती खोलवरून आलं ते कळायला तात्या माहीत असावे लागतात. ते दोन वेळा लेह करून आलेले, एकदा भूतान, आणि कन्याकुमारी तर इतक्यांदा की मोजणं सोडलेलं. दर रविवारी सकाळी त्यांची सात-आठ जणांची टोळी चहाच्या गाड्यावर जमायची आणि तिथे तात्या नव्या पोरांना शिकवणी द्यायचे. त्यात एक धडा हमखास असायचा. लांबच्या प्रवासाला मोटरसायकलचा मागचा टायर बारा-तेरा हजार किलोमीटरमध्ये संपतो, कारचा मात्र चाळीस हजार चालतो, म्हणून काही शहाणे मागे कारचाच टायर बसवून घेतात. तात्या पंजा आडवा धरून दाखवायचे. “मोटरसायकल वळत नाही, कलते. कलली की टायरच्या गोलाईवर उभी राहते. कारचा टायर चपटा. त्याला कलता येत नाही. वळणावर तो नुसता कोपऱ्यावर उभा राहतो, टाच उचललेल्या माणसासारखा. एवढा हिशोबच करायचा असेल तर एसटीनं जावं.” पाटणकर डॉक्टरांनी असा टायर बसवला तेव्हा तात्यांनी त्यांच्याबरोबर कच्छला जायचं रद्द केलं. डॉक्टर म्हणजे बालमित्र. वर्षभर बोलणं बंद.

मग नोव्हेंबरमध्ये तात्यांची डावी बाजू गेली. बोलणं आठवड्यात परत आलं. हात महिन्या-दोन महिन्यांत आला. डावा पाय मात्र अर्ध्यातच थांबला. जानेवारीच्या शेवटी आईचा मला पुण्याला फोन आला की गाडी विकायची ठरलीय. आईनं ठरवलंय, असं मी धरून चालले. तिचा स्वतःचाच उजवा हात तेव्हा प्लॅस्टरमध्ये होता. न्हाणीत पाय घसरला म्हणाली. मला वाटलं, बिचारी एकटी किती करणार, तिला एक काळजी कमी करायची असेल. तरी मनातून मी तिच्यावर रुसलेच.

म्हणून तिला न विचारता मी दस्तगीरचाचांना गाठलं होतं. चाचांचं कोल्हापूरच्या उद्यमनगरात गॅरेजचं शेड आहे. तात्यांच्या हाताखाली कारखान्यात शिकलेले, त्यामुळे पासष्टीला आले तरी तात्यांपुढे शिकाऊ उमेदवारच. दोन महिने खपून त्यांनी ते सगळं उभं केलं. गाडी जुनी, गिअर उजव्या पायात. डाव्या पायातला ब्रेक त्यांनी हाताशी आणला.

“तात्या, रागवा, पर आयकून मग रागवा,” चाचा म्हणाले. “डबा लावला की गाडी कलती का?”

तात्यांनी काठी या हातातून त्या हातात घेतली.

“न्हाई कलत. तीन पायांवर हुबी. मग गोल टायर तिला काय कामाचा? मधल्या पट्टीवर चालणार आन् दोन-तीन हजारात तिथंच चपटा होणार. ही गाडी कारसारखी वळती. मग पाय बी कारचाच पायजे का नको? तुमीच सांगा. तुमीच शिकीवलंय.”

तात्या फोरमन होते. खऱ्या असलेल्या गोष्टीवर त्यांना नीट चिडताही यायचं नाही. त्यांनी टायरकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं, वाकून जोडणीचे बोल्ट पाहिले. एका बोल्टवर बोट ठेवून विचारलं, “हे कुणी वेल्ड केलं?”

“मीच.”

“हं.” चाचांच्या तोंडावर लगेच उजेड पडला. इतक्या वर्षांत एवढं ‘हं’ त्यांना फार वेळा मिळालं नसावं. पण तात्या सरळ झाले आणि म्हणाले, “काढून टाक. उद्या माणूस येणार.”

“चार बोल्ट हायेत. अर्ध्या तासात डबा काढतो, जुनी रिम बी शेडात ठिवलीय. गाडी हुती तशी करून देतो. पर एकदा बसा. मी दोन महिने दुसरं काम घेतलं न्हाई तात्या.”

“पडली तर?” आई म्हणाली.

सकाळपासून ती पहिल्यांदा बोलत होती. आम्ही तिघांनी वळून पाहिलं.

“तीन चाकं हायेत वहिनी. पडायची कशी?”

“तरी. पडली तर?”

“न्हाई पडत.”

आईनं पुन्हा चिमणीकडे तोंड केलं. तात्या तिच्याकडे थोडा वेळ बघत राहिले. मग काठी त्यांनी माझ्या हातात दिली.

डावा पाय दोन्ही हातांनी उचलून त्यांनी गाडीवरून पलीकडे टाकला. मी कोपराला धरायला गेले तर हात झटकला. माझा मुलगा हल्ली पावलं टाकायला लागलाय, तो अगदी असाच झटकतो. कोपरानंच, वळून न बघता. त्याच्यामागे वाकून चालताना मला दिवसातून दहादा तो गाडीतळ आठवतो. धरायचंही नाही आणि लांबही जायचं नाही. चाचांनी किक मारली. गाडी सुरू झाली आणि तात्यांचे खांदे, सहा महिने कुणीतरी खुंटीला अडकवून ठेवल्यासारखे झालेले, खाली आले.

सरळ ते सुरेख गेले. पहिला, दुसरा, तिसरा गिअर. उन्हात धुरळा उठला. चाचा माझ्या शेजारी पुटपुटत होते, “सरळ काय कुणीबी जातंय. वळणावर बघायचं.”

“का? काय होणार वळणावर?”

“बघ तू.”

टोकाला तात्यांना डावीकडे वळायचं होतं. मला लांबून स्पष्ट दिसलं. अंग डावीकडे कललं, मान कलली, चाळीस वर्षं कलायची तशी, अगदी देखणी. आणि गाडी उजवीकडे गेली. तात्या आणखी कलले. गाडी आणखी उजवीकडे गेली. ते इतके कलले की डब्यात पडतील असं वाटलं, आणि तसेच, डावीकडे वाकलेले, उजवीकडच्या बगॅसच्या ढिगात सरळ घुसले. धप् असा आवाज झाला. इंजिन बंद पडलं. वरून आणखी थोडा भुस्सा सावकाश त्यांच्यावर उतरला.

आम्ही पळालो. आई सगळ्यांत पुढे. साठीला टेकलेली माझी आई पळताना मी तोवर पाहिलीच नव्हती.

तात्या गाडीवरच बसलेले. हेल्मेटवर, मिशीत, शर्टाच्या खिशात भुस्सा. लागलं काहीच नव्हतं. आईनं त्यांचे दोन्ही हात दाबून पाहिले, पाय दाबून पाहिला आणि मगच ती थांबली.

“संपलं,” तात्या म्हणाले. “हँडल मोडलंय माझ्या डोक्यातलं. डावं सांगतो, उजवं होतंय.”

“डोक्याला काय बी झालं न्हाई,” चाचा म्हणाले. “रागावू नका. मोटरसायकलवाल्याला पैल्यांदा हेच हुतंय. जेवढा पक्का गडी, तेवढा सरळ ढिगात. डावीकडं वळायचं तर तुमी काय करता?”

“वळतो.”

“न्हाई. डावी मूठ पुढं ढकलता. चाक जरासं उजवीकडं हुतंय, गाडी डावीकडं कलती आन् डावीकडं जाती. तुमाला कळत बी न्हाई, हात करतोय. आता ही कलतच न्हाई. चाक उजवीकडं केलं, गेली उजवीकडं. गाडीनं तुमचं आयकलंय तात्या. जसंच्या तसं.”

“हे आधी का नाही सांगितलंस?”

“सांगून आयकला असता?”

तात्यांनी मिशीतला भुस्सा काढला. “आणि हे कुणाला जमतं?”

“रिक्षावाल्याला.”

“छान.”

“कारवाल्याला बी जमतंय. ज्याला मोटरसायकल येत न्हाई त्याला लगेच.” एवढं बोलून चाचा माझ्याकडे बघून हसायला लागले.

हिंदुराव इंगवल्यांच्या पोरीला सायकलसुद्धा येत नाही, ही रविवारच्या टोळीतली जुनी चेष्टा. मला तोल कधी सापडलाच नाही. तात्यांनी तीन उन्हाळे प्रयत्न करून नाद सोडला होता. कार मात्र मी रोज चालवते.

“बस,” तात्या म्हणाले. मला वाटलं चिडून म्हणाले, पण ते खरंच उतरायला लागले होते.

ढिगातून गाडी बाहेर ओढली. मी बसले. तात्या काठी टेकत बाजूला उभे राहिले आणि त्यांचा तो वर्कशॉपमधला आवाज, जो नोव्हेंबरपासून ऐकला नव्हता, तो बाहेर आला.

“डावीकडे क्लच. ओढ. पूर्ण ओढ, लाजतेस काय! उजवा पाय वर उचल, तो पहिला. आता क्लच सोड. हळू. हळू म्हटलं की हळू, लग्नात तांदूळ टाकल्यासारखा सोडू नको. चिमटीनं सोड.”

दोनदा बंद पडली. तिसऱ्यांदा निघाली. दुसरा गिअर पडला तेव्हा मी एकटीच ओरडले. टोक आलं. मी विचार केला नाही. कारमध्ये करते तेच केलं. डावीकडे जायचं होतं, हँडल डावीकडे फिरवलं. गाडी डावीकडे गेली.

परत येताना मी तात्यांकडे बघत होते. ते माझ्याकडे बघत नव्हते. माझ्या मुठींकडे बघत होते.

“काय केलंस तू?” गाडी थांबायच्या आत विचारलं.

“वळवली.”

“तशी वळत नाही.”

“वळली की.”

“अंग कुठे होतं तुझं?”

“अंग? अंग इथेच होतं.”

“पुन्हा कर. जरा वेगात.”

मी पुन्हा गेले. जरा वेगात. डावीकडे हँडल फिरवलं आणि शेजारचा तो हिरवा डबा जमिनीवरून उठला. वीतभर, फार तर दीड वीत. चाक हवेत तसंच फिरत होतं. मी घाबरून हँडल सोडलं असतं तर काय झालं असतं माहीत नाही. हातच गोठले होते म्हणून ते सुटलं नाही. वेग कमी झाला, डबा धपकन खाली बसला.

आईची किंकाळी मला इंजिनाच्या वरून ऐकू आली.

मी पोचले तेव्हा ती चाचांवर तुटून पडली होती. “पडत नाही म्हणालास ना? तीन चाकं म्हणालास ना?”

“चुकलं वहिनी, माझंच चुकलं. मोकळा डबा डावीकडं वळताना उचलतोय. वजन टाकायचं असतंय त्यात. तात्यांच्या येळेला बी टाकायला पायजे हुतं, गडबडीत ऱ्हायलं. माझ्या टेंपोत वाळूची पोती हायेत—”

“गडबडीत! माझी पोरगी होती वर. अशीच जाते गाडी, अशीच. आपण धरलंय असं वाटतं आणि तिचं वजन—”

ती मध्येच थांबली. तिचा डावा हात उजव्या मनगटावर होता. तात्यांनी ते पाहिलं. मीही पाहिलं.

“आई,” मी म्हणाले, “तू न्हाणीत पडली नव्हतीस.”

चाचांनी टेंपोकडे जायचं म्हणून दोन पावलं टाकली आणि थांबले.

“सांगतो,” तात्या म्हणाले. ते कारच्या बोनेटला टेकले. “जानेवारीत. सकाळची वेळ, ही पूजेत होती. मला वाटलं, नुसती स्टँडवरून काढून बघावी. बसायचं नव्हतं. नुसती काढायची. काढली. डाव्या अंगाला यायला लागली. पाय टेकला तर पाय तिथे नव्हताच. ओरडलोसुद्धा नाही मी. ही कुठून आली कोण जाणे, येऊन मधे हात घातला.” त्यांनी आईच्या मनगटाकडे पाहिलं. “चाळीस वर्षांत गाडी माझ्या हातून पडली नव्हती रेणू. पडली ती हिच्यावर.”

“मनगटच मोडलं. जीव गेला नाही,” आई म्हणाली.

“म्हणून विकायला काढली. तिनं नाही, मी काढली. तिनं एका शब्दानं म्हटलं नाही.”

“म्हटलं नाही कारण तुम्ही विचारलं नाही.” आईनं डोळे पदरानं पुसले आणि पदर कमरेला खोचला, भांडायला बसताना खोचते तसा. “मला विचारलं असतं तर सांगितलं असतं. रोज संध्याकाळी व्हरांड्यात बसतात, रस्त्यावरनं गाडी गेली की हळूच म्हणतात, हिची चेन सैल आहे, हिचा प्लग गेलाय. कुणाला सांगता हो? मला त्यातलं काय कळतं? पण ते ऐकवत नाही मला. मनगटाचं काय, मनगट दीड महिन्यात बसलं.”

तात्या मान खाली घालून काठीच्या टोकानं जमिनीवर रेघ ओढत होते.

“दस्तगीर,” आई म्हणाली, “ती वाळू आण.”

पोती दोन होती. चाचांनी ती डब्यात टाकली, दाबली, दोरीनं आवळली, आणि स्वतः डब्याच्या कडेवर उभं राहून नाचून दाखवलं. मग आईनं स्वतः हात लावून दोरी ओढून पाहिली. गाठ पुन्हा घालायला लावली.

तात्यांनी डावा पाय उचलून पलीकडे टाकला. या वेळी मी धरायला गेले नाही.

“कुठल्या मुठीला काय करायचं?” त्यांनी विचारलं. चाचांना नाही; मला. माझ्या सबंध आयुष्यात त्यांनी मला गाडीविषयी काही विचारलं असेल तर ते त्या वेळी.

“मुठीचा विचार नका करू तात्या. जिकडे जायचं तिकडे हँडल फिरवा.”

“एवढंच?”

“एवढंच.”

“वाकायचं नाही?”

“नाही.”

त्यांनी दोन्ही मुठी एकदा आवळून सोडल्या. “वाकण्यातच तर सगळं होतं गं,” ते म्हणाले. इतकं हळू, की इंजिन सुरू असतं तर मला ते कळलंच नसतं. मग मोठ्यानं म्हणाले, “मार किक, दस्तगीर.”

पहिलं वळण त्यांनी दहाच्या वेगानं घेतलं. हँडल इतकं सावकाश फिरवलं की जणू उकळत्या चहाचं पातेलं उतरवतायत. मध्येच जुन्या सवयीनं डावी मूठ पुढे गेली, गाडीनं उजवीकडे नाक केलं, ढीग समोर आला, तात्यांनी थांबवली. पाय टेकायची गरजच पडली नाही. तीन चाकांवर गाडी उभी, आणि तात्या वर नुसते बसलेले. ते त्यांच्या लक्षात यायला जरा वेळ लागला असावा. कारण ते बराच वेळ तसेच बसून होते. मग एकदा मुद्दाम, अगदी चोरून, डावीकडे वजन टाकून पाहिलं. गाडी हलली नाही.

पुढच्या फेरीला ढीग बाजूला राहिला. त्याच्या पुढच्या फेरीला दुसरा गिअर. पाचवी का सहावी फेरी असेल, ते आमच्यासमोरून गेले तेव्हा तोंडानं काहीतरी पुटपुटत होते. चाचा म्हणाले, “देवाचं नाव घेत्यात का?” मी कान दिला. तात्या म्हणत होते, “जिकडे जायचं तिकडे. जिकडे जायचं तिकडे.”

दहाव्या फेरीनंतर पुटपुटणं थांबलं. उजवीकडून आठाचा आकडा काढला, डावीकडून काढला. मागचा चपटा टायर धुळीत रुंद, स्वच्छ पट्टा ओढत गेला. तात्यांनी गाडी आणून आईसमोर थांबवली, मग वाकून मागे त्या पट्ट्याकडे बघितलं.

“पकड चांगली आहे,” ते म्हणाले.

“कशाची तात्या?” चाचांनी निरागस तोंड करून विचारलं.

“टायरची.”

“कसल्या टायरची?”

“दस्तगीर, तू मार खाशील.”

आई डब्यापाशी गेली. आत डोकावून पाहिलं. “ही पोती किती किलोंची?”

“पंचवीस-पंचवीस,” चाचा म्हणाले.

“काढा ती.”

“वहिनी, मग डबा उचलेल की.”

“कशाला उचलेल? दोन पोती माझ्यात बसतात आणि वर थोडी वाळू उरते.”

तात्यांचा हात थ्रॉटलवरून खाली आला. “शालन, नको. आधी मी दोन-चार दिवस—”

“जानेवारीत न विचारता काढलीत. आता मी सांगून बसतेय. सरक, दस्तगीर, दार कुठल्या बाजूला आहे ह्याला?”

दार नव्हतंच. चाचांनी टेंपोतून लाकडी खोकं आणून पायरी केली. मी दोरी सोडली, दोघांनी पोती उतरवली. आईनं चपला काढल्या, मग परत घातल्या, साडी आवरली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून आत उतरली. चाचांनी स्वतःचं हेल्मेट तिच्या डोक्यावर चढवलं. ते सैल होतं. पट्टा आवळताना माझी बोटं तिच्या हनुवटीला लागली तेव्हा कळलं की तिची हनुवटी थरथरतेय. भीतीनं असेल. नसेलही. तिनं मला डोळ्यांनीच बाजूला हो म्हटलं.

“कागदांवर साइडकार चढेपर्यंत कारखान्याच्या आवारातच फिरवा तात्या,” चाचांनी बजावलं. “कॉलनीपातूर जा आन् या. तळाचं फाटक उघडतो.”

“तात्या,” मी ओरडले, “उद्याच्या माणसाला काय सांगू?”

त्यांनी मान वळवली.

“खरं ते सांग,” ते म्हणाले. “म्हणावं, गाडीला कारचा टायर आहे. माणूस शहाणा असेल तर यायचाच नाही.”

चाचा इतके हसले की त्यांना फाटक उघडायला वेळ लागला.

फाटकापासून कॉलनीचा रस्ता डावीकडे जातो. समोरून पाण्याचा टँकर येत होता म्हणून तात्या थांबले. डब्याआड वळायचा डावा दिवा कुणाला दिसला नसता, आणि तात्यांचे दोन्ही हात हँडलवर होते. टँकरवाल्याला कळेना, ही गाडी कुठे वळणार. तेव्हा डब्यातून आईनं आपला हात बाहेर काढला, बांगड्या मागे सारल्या आणि सरळ डावीकडे धरला.